ताकभातावरची गोळी

पंचवटी, १८ नोव्हेंबर २०२५

आभा,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायच्या आधी एवढं वाच, की मी माफी मागायला लिहीत नाहीये आणि तुझ्याकडून मागून घ्यायलाही नाही. मला कुणाशी तरी बोलायचंय, आणि ज्यांच्याशी बोलता येईल अशांत तूच एक उरली आहेस. त्यात तुझं कौतुक काही नाही.

फोन का नाही, तर माझा फोन स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर पडलेला असतो. त्यावर कुणाचं नाव आलं की ते आधी सासूबाईंना दिसतं. हॉस्पिटलातल्या त्या दिवसानंतर तुझं नाव या घरात कुणी काढलेलं नाही. पत्राचं मात्र कुणाच्या डोक्यातही येणार नाही. भाजीला जाता जाता पेटीत टाकेन. उत्तर द्यावंसं वाटलं तर घरी पाठवू नकोस. खाली वैजयंतीताईंचा पत्ता देते आहे.

वैजयंतीताई दाणी बँकेतून निवृत्त झालेल्या. मला त्या लॅबच्या बाकावर भेटल्या, दोघी रक्त द्यायला बसलो होतो. गळ्यावर ऑपरेशनचा आडवा व्रण आहे आणि तो त्या पदराखाली लपवत नाहीत, हे मला सगळ्यांत आधी दिसलं. त्यांनी थायरॉईडच्या बायकांचा एक गट जमवलाय. राज्याच्या आरोग्य धोरणाचा मसुदा निघाला आहे आणि फेब्रुवारीत नाशिकला त्यावर जनसुनावणी आहे. मसुद्यात साथीचे रोग आहेत, शुगर आहे, बीपी आहे. आम्ही 'इतर'मध्ये. आमचं म्हणणं साधं आहे. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात ही तपासणी व्हावी, गोळी तिथेच मिळावी आणि गरोदर बाईची तपासणी चुकवू नये. तेही नीट लिहून द्यावं लागतं, म्हणून बायकांची निवेदनं मी लिहिते. बीएला मराठी घेतलं होतं ते एकदाचं कामाला आलं.

घरी सांगते की भजनाला जाते. भजनाला निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही.

माझा रिपोर्ट पुन्हा वाढला आहे. पाय सुजतात, केस पुंजक्यांनी हातात येतात, दुपारी जिना चढताना मध्येच टेकावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उत्तराताई, तुम्ही गोळ्या चुकवता." मी नाही म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही, त्यांनी गोळी अजून मोठी करून दिली.

उत्तरा


पंचवटी, ९ डिसेंबर

आभा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या वर्षांनी एकच ओळ, 'गोळी कधी घेतेस?' तू बदलली नाहीस. तुला हाच रोग आहे हे मला ठाऊक आहे, आणि तू उशाशी गजर लावून गोळी घेतेस आणि बडोद्यात तुला कुणी काही विचारत नाही, हेही तुझ्या आईकडून, मामीकडून कळलंय. मला त्याचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, सुटले.

आता कधी घेते ते ऐक. नवऱ्याची भिक्षुकी, म्हणून बाहेरगावच्या यजमानांच्या श्राद्धाची पानं आमच्याकडे होतात, त्याचा स्वयंपाक सोवळ्यात माझा. श्राद्ध नसेल त्या दिवशी घरच्या देवांचा नैवेद्य. सासूबाईंचा नियम असा की स्वयंपाक करणारीने उठल्यापासून नैवेद्य होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. गोळीची बाटली माडीवर कपाटात असते, ओवळ्यात. सोवळ्यात तिला हात लावायचा नाही. नैवेद्य झाला की पानं वाढायची, मयुरेश आणि यजमान उठले की मी आणि सासूबाईंनी सोवळ्यातच जेवायचं. मग मागचं आवरून, सोवळं सोडून मी माडीवर जाते आणि गोळी घेते. म्हणजे ताकभातावर. उपाशीपोटी घ्यायची गोळी पोटभर ताकावर जाते आणि बहुतेक तशीच निघून जाते. रात्रीचं म्हणशील तर माझं जेवण सगळ्यांत शेवटी, आणि जेवून पाठ टेकली की पहाटेच जाग येते.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगत नाही. सांगितलं तर त्या म्हणतील, घरी बोला.

घरी काय बोलू? तुला माहीत आहे, पण तुझ्याकडून ऐकून ऐकून ते तुझंच झालं होतं, म्हणून एकदा माझ्या हाताने लिहिते. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा रिपोर्ट आलेला होता आणि गोळी चालू होती. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीने ही इंग्रजी औषधं घ्यायची नाहीत, बाळाला बाधतात. मी बंद केली. ते गेलं. दुसऱ्या वेळीही तसंच. तू हॉस्पिटलात येऊन सगळ्यांसमोर त्यांना म्हणालीस, "तुम्ही गोळी बंद केलीत म्हणून झालं हे." मयुरेश तिथेच उभे होते. मी तुला म्हणाले, तू जा इथून. तुझं बरोबर होतं, म्हणूनच मला तुझा इतका राग आला, आणि तो अजून आहे.

तेव्हापासून या घरात त्या रोगाचं नाव निघत नाही. नाव निघालं की ती दोन मुलं निघतात आणि मग ती कुणामुळे गेली हेही निघतं. मला मूल नाही. या घरात मला मान आहे तो चुलीपुढे. उत्तरासारखी पुरणपोळी पंचवटीत कुणाची नाही, असं यजमान जाताना म्हणून जातात. तिथून उठले तर मी कुठे बसू, हे तू कार्डावर लिहून पाठव.

उत्तरा


पंचवटी, ४ जानेवारी २०२६

आभा,

तू लिहिलंस, 'चुलीपुढून उठ, माझ्याकडे ये.' पुन्हा तेच. सुटकेस भरली की सुटतं असं तुला वाटतं. असू दे.

काल वैजयंतीताईंकडे पेठकडून भागीबाई आल्या होत्या. गळा हाताच्या मुठीएवढा सुजलेला. हंगामात दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यावर कामाला जातात. त्यांचं निवेदन मी लिहायला बसले. त्या सांगत होत्या, "आमच्या दवाखान्यात नर्सबाय हाय, सुई टोचती, गोळ्या देती. पन या गळ्याचं रगात तिथं नाय तपासत. नाशिकला जा म्हनती. नाशिकला यायचं म्हंजे मुकादम दुसऱ्या दिशी गाडीत नाय घेत."

मी विचारलं, "मग कधी तपासलं?"

"नाय तपासलं. ह्या ताईंनी आनलं म्हनून आलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं कुठं लिवलं बाय?"

मी म्हटलं, माझंही लिहिते आहे. लिहिलंय खरंच. पण वर नाव घातलं आहे 'एक गृहिणी, पंचवटी'. पंचवटीत गृहिणी काय कमी आहेत. वैजयंतीताईंनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. शिकलेली माणसं फार सभ्यपणे गप्प बसतात, त्याने जास्त चिडायला होतं.

उत्तरा


पंचवटी, २५ जानेवारी

आभा,

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

कुंभमेळ्याची कामं निघाल्यामुळे रामकुंडाकडचा रस्ता सारखा बंद असतो, म्हणून मयुरेशनी आजचं श्राद्ध घरी ओटीवरच घेतलं. एरवी विधी नदीवर होतात आणि घरी फक्त पानं. त्यामुळे ते यजमानांशी काय बोलतात हे मला इतक्या वर्षांत ऐकायलाच मिळालं नव्हतं. आज मी भिंतीच्या या बाजूला वडे तळत होते आणि सगळं ऐकू येत होतं.

यजमान जळगावचे, बरोबर बायको. माझ्याच वयाची. विधी सुरू व्हायच्या आधी ती म्हणाली, "गुरुजी, एक विचारू? गाडी लवकर होती, माझी सकाळची गोळी राहिलीये. थायरॉईडची. उपास मोडेल का?"

आणि मयुरेश म्हणाले, "छे हो. औषधाला दोष नाही. उपास असो, व्रत असो, औषधाने काही मोडत नाही, शास्त्रातच सांगितलंय. घ्या तुम्ही खुशाल." मग आत हाक मारली, "अगं, यांना पाणी आण."

मी पाणी घेऊन गेले. तिने पर्समधून बाटली काढली, माझ्याच गोळीची. एक गोळी तळहातावर घेतली, तोंडात टाकली आणि माझ्या हातातल्या भांड्यातलं पाणी प्यायली. "थँक्यू हं," म्हणाली. मयुरेश दर्भ मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या मनात काही आलंच नाही, आभा. त्यांनी लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी आत आले तर सासूबाई देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वडे करपतील."

नाही करपले. मी तळले, वाढले, ताकभात खाल्ला, माडीवर जाऊन गोळी घेतली. रोजच्यासारखी. एवढ्या वर्षांची सवय रागाने मोडत नाही, हे मला आज कळलं, आणि स्वतःची किळस आली.

उत्तरा


पंचवटी, १२ फेब्रुवारी

आभा,

काल सुनावणी झाली. घरून भजन म्हणूनच निघाले होते.

मोठा हॉल, वर स्टेजवर समिती, प्रत्येकाला बोलायला थोडा थोडा वेळ. भागीबाई माइकपुढे उभ्या राहिल्या तेव्हा माइक त्यांच्या डोक्यावर होता, कुणी खाली करेना. त्यांनी स्वतःच धरून वाकवला. त्यांचं ऐकून झाल्यावर एक अधिकारी म्हणाले, "बरोबर आहे, पण त्या केंद्राकडून या तपासणीची मागणी कधी आलेली नाही." भागीबाई म्हणाल्या, "तपासनी हाय हेच कुनी सांगितलं नाय, तर मागू कशी?" मागे बायका हसल्या. साहेबही हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग निवेदनं वाचली जाऊ लागली. माझं आलं तेव्हा समितीतल्या बाईंनी कागद वरखाली केला. "हे निनावी आहे. असं निवेदन आम्हाला नोंदवता येत नाही. संबंधित महिला इथे आहेत का?"

वैजयंतीताईंनी माझ्याकडे बघितलं नाही, ते मी त्यांच्यावर उपकार म्हणून मोजते. बाईंनी कागद बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. दुसऱ्या, वेगळ्या गठ्ठ्यावर. मला वाटलं होतं मी नाव लपवून निदान गोष्ट तरी देते आहे. तर नावाशिवाय ती गोष्टच नव्हती. मी उठले. धैर्य वगैरे काही नव्हतं गं, मला त्या गठ्ठ्याचा राग आला.

नाव सांगितलं. आडनावासकट. सोवळ्याचं सांगितलं, ताकभाताचं सांगितलं. मी म्हणाले की डॉक्टर विचारतात गोळी घेता का, आणि आम्ही हो म्हणतो, ते खरं असतं. सकाळी उठल्यावर तुमच्या तोंडात पहिलं काय जातं आणि ते कुणाच्या परवानगीने जातं, हे कुणी विचारत नाही. ते विचारा. दवाखान्यातल्या प्रत्येक बाईला विचारायची पद्धत पाडा. एवढंच बोलायचं ठरवलं होतं.

पण त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी पुढे विचारलं, "गरोदरपणात तपासणी झाली होती?"

"झाली होती. दोन्ही वेळा."

"आणि गोळी?"

"बंद केली होती."

"डॉक्टरांनी?"

"नाही."

"मग कुणी?"

मी तुझ्यासारखी नाही, आभा. तू असतीस तर नाव घेतलं असतंस. मी म्हणाले, "घरी."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. वैजयंतीताई बाहेर आल्यावर म्हणाल्या, गरोदर बायकांच्या तपासणीचा मुद्दा माझ्यामुळे इतिवृत्तात गेला. मी मान हलवली. माझं सगळं लक्ष घरी होतं.

उत्तरा


पंचवटी, १७ फेब्रुवारी

आभा,

कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. ते गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर आलं आणि शेजारच्या काकूंनी दुपारी आणून सासूबाईंना दाखवलं. मी चहा करत होते. माझाच आवाज मला मागून ऐकू आला.

संपल्यावर काकू गेल्या. सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "घरी म्हणजे कोण, ते नाही सांगितलंस."

मी म्हटलं, "नाही सांगितलं, आई."

त्या उठून आत गेल्या.

संध्याकाळी मयुरेशना मीच विचारलं. जळगावच्या बाईंना सांगितलं ते खरं का? ते म्हणाले, "अर्थात खरं. औषधाला दोष नाही."

"मग मला कधी का नाही सांगितलंत?"

ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस."

मला तेव्हा ते स्टेजवरचे साहेब आठवले, आणि मी हसले. ते म्हणाले, हसण्यासारखं काय आहे? मग म्हणाले, "उद्यापासून घे सकाळी. माझी काही हरकत नाही." त्यांची हरकत नाही. मी गोळी न लागून सुजत होते, केस गळत होते, दोनदा रिकामी होऊन घरी आले, आणि एवढी वर्षं त्यांची हरकत नव्हतीच. तुला सांगते, त्यांनी मला कोंडून घातलं असतं तर मी दार फोडलं असतं. हे दार उघडंच होतं म्हणतात.

उत्तरा


पंचवटी, २३ एप्रिल

आभा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते कळत नव्हतं. तू तीन कार्डं पाठवलीस, वैजयंतीताईंनी ती एकदमच दिली.

मयुरेशशी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी स्वयंपाकघरात उभी राहून गोळी घेतली. पाण्याबरोबर. मग आंघोळ करून, सोवळं नेसून चुलीपाशी गेले. सासूबाई बघत होत्या. मला वाटलं, म्हणतील दुसऱ्यांदा आंघोळ कर, नाहीतर म्हणतील, आजपासून चुलीला शिवू नकोस. भांडायची तयारी करूनच गेले होते. त्या फुलांची परडी घेऊन बाहेर गेल्या.

दुपारी पानं घेताना त्यांनी त्यांचं पान घेतलं नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्यांनी मागच्या पडवीत छोट्या शेगडीवर त्यांच्यापुरता मुगाचा भात केला आणि माझ्याकडे पाठ करून खाल्ला. तेव्हापासून रोज. यजमानांची पानं मीच करते, यजमान मिटक्या मारून जेवतात, व्हिडिओ बघितलेलेही जेवतात. फक्त त्या खात नाहीत. त्यांचे गुडघे गेलेत, पातेलं घासायला खाली बसल्या की उठताना भिंत धरतात. मी हात पुढे केला तर म्हणतात, राहू दे.

लोकांना वाटतं सोवळं. मयुरेशनाही तेच वाटतं, ते त्यांना समजवायला गेले, शास्त्र सांगत बसले. मला माहीत आहे की ते सोवळं नाही. मी रोज सकाळी त्यांच्यासमोर ती गोळी गिळते. त्यांनी जी दोनदा बंद करायला लावली होती, ती. आणि मी दिवसेंदिवस बरी दिसायला लागले आहे. चेहऱ्याची सूज उतरली, जिना एका दमात चढते. हे सगळं त्यांना माझ्या हातच्या घासाबरोबर गिळावं लागेल, ते त्यांच्याने होत नाही. कधी वाटतं, हॉलमध्ये नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्या चिडल्या असत्या, मी चिडले असते, काहीतरी संपलं असतं. आता त्या पडवीत आणि मी चुलीपाशी, आणि मध्ये तो एक शब्द. तू ये म्हणतेस. त्यांना भिंत धरून उठताना सोडून मला येता येत नाही. आणि त्यांच्याकडे बघत इथे राहवतही नाही.

धोरणाचं म्हणशील तर मुद्दा 'विचाराधीन' आहे असं पत्र आलंय. भागीबाईंच्या केंद्रावर अजून तपासणी नाही. वैजयंतीताई पुढच्या अर्जाला लागल्यात, तो मीच लिहिते आहे, या वेळी खाली नाव घालून. भजन आता सांगत नाही. कुठे चाललीस असं विचारतच नाही कुणी.

काल रिपोर्ट आला. पहिल्यांदाच मर्यादेत. डॉक्टरीणबाईंनी गोळी लहान करून दिली आणि पाठीवर थाप मारली. मी घरी आले, कागद हातात होता, आणि तो कुणाला तरी दाखवावासा वाटला. मयुरेश म्हणाले, "अरे वा," आणि फोन घेतला. मग मी पडवीच्या दारात जाऊन उभी राहिले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना दिसला कागद माझ्या हातात. त्या निवडत राहिल्या आणि मी तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने बघितलं तर निवडलेले खडे त्या परत तांदळातच टाकत होत्या.

मी आत आले.

रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे. तू बघ. कुणीतरी बघायला हवा.

उत्तरा